निळ्या पडलेल्या पेशी

सगळ्या पेशी निळ्या होत्या.

डॉक्टर जिपारानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. तो रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो. जिवंत पेशी त्याला आत घेत नाही, काचेखाली स्वच्छ चमकत राहते. इथे चमकणारं काहीच नव्हतं. तिनं पेशी गोठवून ठेवायच्या टाकीतून त्याच क्रमांकाची दुसरी कुपी काढली, वितळवली, रंग घातला.

तीही निळी.

वरच्या मजल्यावर तोल्कुन हाताला सुई टोचून घेऊन तयार बसली होती. नवा रुमाल बांधला होता तिनं, लग्नाला निघाल्यासारखा.

जिपारा जिना चढून वॉर्डात आली. ती तोल्कुनच्या खाटेकडे वळली नाही, खिडकीजवळच्या खाटेकडे गेली.

"नासिपा एजे, जरा खाली येता माझ्याबरोबर?"

थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळे तिला एजे म्हणत. नासिपानं जिपाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काठी उचलली. "मेलं का कुणी?"

"माणूस नाही," जिपारा म्हणाली.

नासिपानं सगळी नोकरी बिश्केकच्या पोलिसात काढली होती, तपास अधिकारी म्हणून. चोर, खुनी, कुणीही तिचं काही वाकडं केलं नाही. निवृत्त झाल्यावर एका सकाळी पीठ मळताना तिचा मणका खचला. नुसतं पीठ मळताना. हाडं आतून जाळीसारखी पोकळ झालीत, डॉक्टर म्हणाले. म्हणून ती या संस्थेच्या प्रयोगात आली. प्रत्येकीच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी निवडून वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या आणि नंबर आला की जिच्या तिला शिरेतून परत द्यायच्या. त्यातून हाड नव्यानं भरेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. जिपारा हे प्रत्येकीला पुन्हा पुन्हा सांगे. बायका माना हलवत आणि एकही ऐकत नसे.

"बाकीच्यांच्या कुप्या?" खाली प्रयोगशाळेत नासिपानं विचारलं.

"सगळ्या ठीक आहेत. वरखाली शेजारी असलेल्यासुद्धा. फक्त तोल्कुनच्या गेल्या." जिपारानं दार लोटून घेतलं. "एजे, टाकीच्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझी, एक तुरातची. दुपारी संचालक येतायत. मला त्यांना एक नाव द्यावं लागणार. तुरातचं नाव दिलं तर त्याची नोकरी तर जाईलच, पुन्हा कुठली प्रयोगशाळा त्याला दारात उभं करणार नाही. आणि मला त्याचं नाव द्यायला इतकं आवडेल ना, की माझाच माझ्यावर विश्वास नाही."

"म्हणून मी?"

"म्हणून तुम्ही."

नासिपाला हे बोलणं आवडलं. स्वतःच्या मनातली मळमळ ओळखणारी माणसं तिला नोकरीत फार कमी भेटली होती.

मळमळीची त्या वॉर्डात कमी नव्हती. कुणाचा नंबर आधी लागला, कुणाला सुई कमी दुखली, डॉक्टर कुणाच्या खाटेशी जास्त थांबली, सगळ्याचा हिशेब बायका मनात ठेवत. आणि सगळ्यांत जास्त हेवा वाटे तो तोल्कुनचा. तिच्या पेशींचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा.

मुकाश रोज दुपारी येई. हातात मेंढीच्या गरम रश्श्याचा डबा, वर कोथिंबीर चिरलेली. तो तिच्या पाठीशी उशा लावी, तिचे केस विंचरी, मनगटावरची दवाखान्याची पट्टी सैल करी, खाली बसून तिच्या बुटांचे बंद बांधी. आयुष्यभर तो मांसाच्या कारखान्यात शीतगृहाचा मिस्त्री होता. वॉर्डात त्यानं चहाचं समोवार नीट केलं, खिडक्यांच्या कड्या बसवल्या. परिचारिका त्याला मुकाश आके म्हणत, थोरला भाऊ असल्यासारखं. गेल्या आठवड्यात त्यानं वॉर्डचा जुना फ्रिजही चालू केला.

"एजे, आज बर्फाचा कप्पा उघडू नका हं," तेव्हा तो नासिपाला म्हणाला होता. "नवा गॅस भरलाय, गोठतंय का बघतोय. उद्या सगळ्यात आधी तुमच्या गुडघ्याची पिशवी."

तो आठवडाच दुरुस्त्यांचा गेला. खालच्या टाकीच्या खोलीतली धोक्याची घंटा कितीतरी वेळ कोकलत होती, तीही त्याच दिवशी एकदाची गप्प झाली.

मुकाश आला की नासिपा भिंतीकडे तोंड करून पडे. तिचा नवरा कधीच गेला होता, आणि होता तेव्हाही त्यानं तिच्या बुटांकडे पाहिलं नव्हतं.

तोल्कुन तरुणपणी नर्तकी होती. मोठ्या पथकात सगळ्यांत पुढे उभी राहणारी. पाठ वाकल्यापासून इथे येईपर्यंत ती घराबाहेर पडली नव्हती. फ्रिज चालू होण्याच्या आदल्या दिवशी पथकातला तिचा जुना जोडीदार कादिर भेटायला आला, वाळवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी घेऊन.

"ऊठ लवकर," तो म्हणाला होता. "नाचू नकोस. खुर्चीवर बसून पोरींना शिकव. ओशला दौरा आहे, तुला गाडीत घालून नेतो!"

तोल्कुन हसली होती. वॉर्डानं तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मुकाशही हसला. त्यानं कादिरला स्वतः चहा ओतून दिला, पियाला काठोकाठ भरून.

*

डॉक्टर तुरात हात खिशात घालून खुर्चीत बसला. आपण या प्रयोगाचे प्रमुख होणार असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि झाली जिपारा. तेव्हापासून दोघं एकमेकांशी चिठ्ठ्यांनी बोलत.

"विचारा," तो म्हणाला. "नाव तर ठरलंच असेल."

"टाकीच्या खोलीत शेवटचा कधी गेलास?"

"घंटा बिघडली होती तेव्हा. आणि दुसऱ्या दिवशी."

"घंटा कुणी नीट केली?"

"मी."

"काय झालं होतं तिला?"

"तार सैल होती."

"कशानं जोडलीस?"

तुरात आपल्या बोटांकडे बघत राहिला. "आठवत नाही."

"समोवारची तोटी अडकली तरी परिचारिकेला हाक मारतोस तू. आणि तार जोडलीस?"

"जोडली म्हटलं ना!"

नासिपानं ते तिथेच सोडलं. माणूस खोटं बोलतोय हे कळणं सोपं असतं. कुठलं खोटं बोलतोय, ते शोधावं लागतं.

"तोल्कुनचा क्रमांक किती?"

"मला काय माहीत? नावं जिपाराच्या कपाटात. कुपीवर नुसता आकडा. कोणती कुणाची, ते आम्हाला कळूच द्यायचं नाही, असा नियम आहे."

"आणि ही निळ्या रंगाची तपासणी?"

"ती माझ्या हट्टानं सुरू झाली!" तो एकदम सरसावून बसला. "जिपारा म्हणायची, उगाच वेळ जातो. मी म्हटलं, म्हातारीच्या अंगात काही सोडण्याआधी ते जिवंत आहे का तेवढं तरी बघा. माझं तिच्याशी पटत नाही, एजे. तिची जागा माझी होती, हे मी तिच्या तोंडावर म्हणतो. पण म्हणून कुठल्या बाईच्या पेशी मारीन?"

नासिपा उठली. दाराशी थांबून म्हणाली, "त्या घंटेचं नीट आठव. दुपारपर्यंत वेळ आहे."

*

बाहेर बाकावर बुरुल बसली होती. तिचं नाव प्रयोगात यायचं होतं, पण शेवटची जागा तोल्कुनला मिळाली. कुणी गळालं तरच तिला आत घेणार होते. म्हणून ती रोज बसनं यायची आणि या बाकावर बसून राहायची, कोणी गळतंय का बघत.

"मलाच धरणार तुम्ही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणाले ना मी, कुजोत तिच्या कुप्या."

"का म्हणालीस?"

"तोंडाला आलं. म्हटल्यानं कुजतात होय?"

"लाज नाही वाटत?"

"लाज नाही वाटत, एजे. हेवा वाटतो." बुरुलनं डोळ्याला डोळा भिडवला. "तिला पेशीपण मिळणार, आणि असा नवरापण. एकीच्याच ताटात किती वाढायचं देवानं? तुम्हाला नाही वाटत?"

नासिपानं काठी बाकाला टेकवली. "हात वर कर," म्हणाली.

बुरुलनं हात उचलला. खांद्यापर्यंत गेला आणि तिचा चेहरा पिळवटला.

टाकीतल्या कुप्या उंच जाळीच्या सांगाड्यात असतात. तो सांगाडा डोक्याच्या वर ओढून काढावा लागतो. या वॉर्डातल्या एकीच्याही हातून ते होणार नव्हतं.

"जा, चहा घे," नासिपा म्हणाली.

*

टाकीच्या खोलीत जिपारानं जाड हातमोजे घातले आणि झाकण उघडलं. पांढरी वाफ काठावरून खाली सांडली. तिनं सांगाडा वर ओढला आणि तोल्कुनच्या उरलेल्या कुप्यांतली एक चिमट्यानं धरून दाखवली.

"वरून काही कळत नाही," ती म्हणाली. "झाकण घट्ट आहे. चिठ्ठी जागेवर आहे."

"शेजारच्या बाईची दाखव."

जिपारानं दुसरी कुपी उचलली. आत फिकट बर्फ होता, वरून सपाट.

"आता पुन्हा तोल्कुनची. सरळ धर. हलवू नकोस."

कुपी सरळ होती. बर्फ सरळ नव्हता. एका बाजूला तो झाकणापर्यंत चढला होता, दुसऱ्या बाजूला तळापर्यंत उतरला होता.

जिपारानं कुपी डोळ्यांजवळ धरली.

"तू गोठवतेस तेव्हा कुप्या उभ्या असतात?" नासिपानं विचारलं.

"नेहमी."

"ही आडवी गोठलीय. म्हणजे कुणीतरी काढली, वितळू दिली, आडवी ठेवून पुन्हा गोठवली आणि जागच्या जागी आणून ठेवली."

"पण तसंच करायचं तर इथेच बुडवायची! इथल्याइतकं थंड कुठे आहे?"

"कोमट कुपी यात बुडवली तर?"

"तडकू शकते," जिपारा हळूच म्हणाली. "फुटते कधी कधी."

"हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं ती दुसरीकडे गोठवली. साध्या बर्फात."

नासिपा काठीवर रेलून उभी राहिली. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते तिला इतकं गोड लागलं की ती दचकली. मनात कुठेतरी ती म्हणत होती, बघ, नव्हताच तो तसा. भिंतीकडे तोंड करून काढलेल्या साऱ्या दुपारी आता वसूल होत होत्या.

म्हणून तिनं सगळं पुन्हा तपासलं. हे मला दिसतंय, की मला दिसायला हवंय? एकेक गोष्ट उलटी करून पाहिली. दुसरा कुणी कुठे बसतोय का, पाहिलं. कुणीच बसेना.

*

दुपारी वॉर्डाच्या बैठकीच्या खोलीत संचालक आले. जिपारा आली, तुरात आला. दाराशी बुरुल उभी राहिली, तिला कुणी हाकललं नाही. तोल्कुन चाकांच्या खुर्चीत होती. तिच्या मागे मुकाश उभा होता, तिच्या खांद्यावरची शाल सारखी करत.

"सगळ्यांना वाटतंय हा डॉक्टरांच्या भांडणाचा प्रकार आहे," नासिपानं सुरुवात केली. "प्रयोग बुडवायचा, जिपाराला तोंडघशी पाडायचं. तसं असतं तर एकीच्याच कुप्या का? हाताला लागतील त्या सगळ्या मारल्या असत्या. ज्यानं केलं त्याला प्रयोगाशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त तोल्कुन बरी व्हायला नको होती."

तोल्कुननं मान वर केली.

"दुसरं. त्यानं कुप्या फेकल्या नाहीत, परत आणून ठेवल्या. का? कुणाला कळू नये म्हणून. मेलेल्या पेशी तिला दिल्या जातील, गुण येणार नाही, आणि सगळे म्हणतील, बिचारीला लागू पडलं नाही. पण प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला माहीत आहे की देण्याआधी निळा रंग घालून बघतात. तुरातनंच तो नियम आणला. म्हणजे करणारा प्रयोगशाळेतला नाही."

"मग आत शिरला कसा?" संचालकांनी विचारलं.

"तुरात, घंटा कुणी नीट केली?"

तुरात खाली बघत होता. मग त्याची नजर हळूहळू वर आली आणि खुर्चीच्या मागे जाऊन थांबली.

"बाहेरच्याला आत न्यायची बंदी आहे," तो म्हणाला. "नोकरी गेली असती. ती घंटा थांबेना... मी यांना किल्ली लावून दिली. तेवढ्यात फोन आला, मी बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, तार पुन्हा एकदा बघतो. मी पुन्हा उघडून दिलं."

शालीवरचे हात थांबले.

"कुपीवर नाव नसतं, आकडा असतो," नासिपा बोलत राहिली. आवाज चढू नये म्हणून तिला जपावं लागत होतं. "तो आकडा डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. पण प्रत्येकीच्या मनगटावरच्या पट्टीवर, आतल्या बाजूला, तो आहे. तोल्कुनचा हात रोज कोण हातात घेतं? कुप्या खिशात ठेवून ज्यानं वितळवल्या, त्याला थंडीचं काम माहीत होतं. कोमट काच एकदम टाकीत टाकली तर तडकेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्या वर आमच्या फ्रिजच्या बर्फात आडव्या लपवल्या, आणि आम्हाला सांगितलं, आज कप्पा उघडू नका."

"एजे," तोल्कुन म्हणाली. "पुरे."

"मुकाश आके, कादिरला तुम्ही पियाला काठोकाठ भरून दिलात. आपल्यात पाहुण्याला अर्धाच देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरला की त्यानं समजायचं, पिऊन ऊठ आता. मी पाहिलं होतं. नवरा आहे, चालायचंच, म्हणून सोडून दिलं."



मुकाश खुर्चीच्या मागून पुढे आला आणि बायकोच्या पायाशी बसला, रोज बुटांशी बसे तसा.

"तू घरी कधी होतीस?" तो म्हणाला. बाकीचे तिथे आहेत हे तो विसरलाच होता. "लग्न झालं तेव्हापासून तू गाडीत, नाहीतर रंगमंचावर. मी स्टेशनावर न्यायला यायचो, तर फुलं घेऊन दुसरेच पुढे. फोटोत तुझ्या शेजारी कायम तो कादिर. मग तुझी पाठ गेली. मला वाईट वाटलं, तोल्कुन. देवाशपथ वाटलं. पण तू घरी होतीस. मी आलो की दाराकडे बघायचीस. मला वाटलं, आता आपलं लग्न झालं."

"आणि मी बरी झाले तर जाईन, असं वाटलं?"

"गेली असतीस."

"गेले असते," तोल्कुन म्हणाली. "सकाळी गेले असते, पोरींवर ओरडले असते, आणि संध्याकाळी घरी आले असते. तुझ्याकडेच." तिनं पाय मागे घेतला. तेवढ्यानंही पाठ दुखली, तरी घेतला. "आता नाही येणार."

मुकाशनं हात पुढे केला. तो हात धरायला कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं तो स्वतःच उठला. संचालक फोनकडे वळले तेव्हा तो म्हणाला, "मीच जातो चौकीत. कोपऱ्यावरच आहे." तुरात त्याच्याबरोबर गेला.

दाराशी बुरुल रडत होती. कुणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

रात्रीचं जेवण तोल्कुननं परत पाठवलं. नासिपा आपल्या खाटेवरून उठून तिच्याजवळ जाऊन बसली. आनंद केव्हाच ओसरला होता, आणि त्याच्या जागी लाज येऊन बसली होती.

"मला तुझा हेवा वाटायचा," ती शेवटी म्हणाली.

"माहीत होतं मला," तोल्कुन म्हणाली. "तुम्ही भिंतीकडे तोंड करायचात ना, तेव्हा मला बरं वाटायचं. दुसऱ्या बाईला हेवा वाटावा असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं."

पुढच्या आठवड्यात जिपारा तिच्या खाटेशी आली. बरोबर तुरातही होता. त्याला ताकीद मिळाली होती, नोकरी राहिली होती. दोघं अजून एकमेकांकडे बघत नव्हते, पण एकाच खाटेशी उभे होते.

"पुन्हा मगज काढावा लागेल," जिपारा म्हणाली. "दुखेल. या वेळी पेशी कमीही निघतील. वाढायला बरेच आठवडे लागतील. आणि मी तुम्हाला आधीही सांगितलंय, हे उपचार गुण देतातच असं नाही. कदाचित त्या पहिल्या कुप्यांनीही काहीच झालं नसतं."

तोल्कुननं उशीवरून मान उचलली.

"म्हणजे मी चालणार होते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि तेवढ्यालाच तो घाबरला."

"हो."

तोल्कुन कुशीवर वळायला लागली. नासिपानं मदतीला हात पुढे केला, पण तिनं मान हलवली आणि दात आवळून एकटीच वळली. कमरेचं हाड वर आलं. तुरातनं सुई तयार केली.

"नाही लागू पडलं तर नाही," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली. "पण ते माझ्या हाडांनाच ठरवू दे. टोच."